मर्यादित साधने आणि पुरवठादारांचे परीक्षण

(दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आपल्यापैकी बहुतेक जण जुने राजेंद्रनगर किंवा मुखर्जीनगर परिसरात राहतात. तेथून मेट्रोने निघाल्यास फरीदाबादच्या औद्योगिक वसाहतीत सहज पोहोचता येते. औद्योगिक धोरणावर निबंध लिहिण्यापूर्वी एकदा तरी ही वसाहत पाहून यावी, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. मुख्य रस्त्यावर मोठे कारखाने आहेत, त्यांच्या मागे मध्यम कारखाने आणि त्यांच्याही मागच्या गल्ल्यांमध्ये पत्र्याच्या छपराखाली दोन-चार पॉवर प्रेस चालवणारी छोटी युनिटे. मोटारगाडीचा एखादा लहानसा भाग या मागच्या गल्लीत जन्माला येतो आणि दोन-तीन हात बदलून मोठ्या कंपनीच्या जुळणी-साखळीवर पोहोचतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मध्यम आकाराच्या कंपनीने मला आपल्या खरेदी व्यवस्थेचा अभ्यास करण्यास बोलावले होते. कंपनीचे सुमारे १२० पुरवठादार होते. उद्योगात ज्याला 'व्हेंडर ऑडिट' म्हणतात, ते पुरवठादार-परीक्षणाचे काम गुणवत्ता विभागातील दोन अभियंत्यांकडे होते आणि तेही इतर कामे सांभाळून. दोघेही प्रामाणिक होते. वर्षभरात जमेल तितक्या ठिकाणी ते जाऊन येत, छापील प्रश्नावली भरत आणि फाइल बंद करत. मी त्यांच्यासोबत एका पुरवठादाराकडे गेलो. फाइलमध्ये मागील वर्षीचा 'समाधानकारक' असा शेरा होता. परंतु पत्रा कापण्याचे जे काम या पुरवठादाराच्या नावावर होते, त्यातील निम्मे तो मागच्या गल्लीतील दुसऱ्या युनिटकडून करून घेत होता. तेथील प्रेसवर सुरक्षेचे आवरण नव्हते. दोन महिन्यांपूर्वी तेथे एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली होती. आमच्या १२० नावांच्या यादीत त्या युनिटचे नावच नव्हते.

आजच्या व्याख्यानाचा विषय या प्रसंगातून निघालेला आहे. माणसे दोन, दिवस मोजके आणि पुरवठादार शंभराहून अधिक, अशा स्थितीत परीक्षणाचे नियोजन कसे करावे? हा प्रश्न वरवर व्यवस्थापनशास्त्राचा वाटतो. मुळात तो दुर्मीळ साधनांच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे.

परीक्षणाची गरज का भासते?

रोनाल्ड कोझ यांनी १९३७ मध्ये विचारले होते की, सर्व व्यवहार बाजारातून होऊ शकत असतील तर कंपन्या अस्तित्वात का येतात? त्यांचे उत्तर व्यवहार-खर्चाचे होते. बाहेरून वस्तू घेताना शोध घेणे, करार करणे आणि देखरेख ठेवणे यांनाही किंमत मोजावी लागते. बाहेरून काम करून घेतल्यावर उत्पादनखर्च कमी होतो, पण देखरेखीचा खर्च वाढतो. अनेक कंपन्या पहिला लाभ हिशेबात धरतात आणि दुसरा खर्च विसरतात.

जॉर्ज अकेरलॉफ यांच्या १९७० च्या प्रसिद्ध निबंधाने माहितीच्या असमतोलाकडे लक्ष वेधले. आपल्या मालाची आणि कारखान्याची खरी स्थिती विक्रेत्याला माहीत असते, ग्राहकाला नसते. ग्राहक केवळ दरपत्रक पाहून निवड करू लागला की, सुरक्षेवर व गुणवत्तेवर खर्च करणारा पुरवठादार महाग ठरतो आणि बाजाराबाहेर जातो. परीक्षण हा ही दरी काही अंशी भरून काढण्याचा उपाय आहे. चांगल्या पुरवठादाराचा चांगुलपणा दिसू लागतो, हाही त्याचा मोठा उपयोग आहे.

राजधानी परिसरातील अनुभव

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील पुरवठा-साखळीचा इतिहास मारुतीपासून सुरू करावा लागतो. मारुती उद्योग लिमिटेडची स्थापना १९८१ मध्ये झाली आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. सुटे भाग देशातच तयार व्हावेत, असे धोरण होते. परंतु त्या दर्जाचे पुरवठादार परिसरात पुरेसे नव्हते. कंपनीने काही पुरवठादार कंपन्यांत स्वतः भांडवली वाटा घेतला, जपानी तंत्रज्ञान मिळवून दिले आणि त्यांना कारखान्याच्या जवळ आणले. जय भारत मारुती, कृष्णा मारुती, भारत सीट्स ही नावे याच प्रक्रियेतील आहेत. सोना स्टिअरिंग म्हणून सुरू झालेल्या सोना कोयो या कंपनीला २००३ मध्ये गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक मिळाले. येथे तपासणी आणि साहाय्य एकत्र चालले, म्हणून पुरवठादार घडले.

मात्र हा मार्ग मोठ्या कंपनीला परवडणारा आहे. शिवाय त्याचा प्रभाव पहिल्या पायरीवरील पुरवठादारांपर्यंत जितका पोहोचतो, तितका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचत नाही. गुरुग्राम, मानेसर व फरीदाबाद भागात जखमी कामगारांसाठी काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल प्रसिद्ध करत आली आहे. वाहन उद्योगाच्या साखळीत बोटे गमावणाऱ्या कामगारांत पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांचा हिस्सा मोठा आहे, त्यांतील बहुसंख्य स्थलांतरित आहेत आणि अनेकांना कर्मचारी राज्य विम्याचे ओळखपत्र अपघातानंतरच मिळाले, ही या अहवालांतील सातत्याने पुढे येणारी बाब आहे.

दुसरे उदाहरण वस्त्रोद्योगाचे आहे. ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने दक्षिण दिल्लीतील शाहपूर जाट येथे गॅप या अमेरिकन कंपनीच्या कपड्यांवर लहान मुले भरतकाम करत असल्याचे उघडकीस आणले. पुरवठादारांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा कंपनीकडे होती. परंतु पुरवठादाराने ते काम परवानगीशिवाय पुढे दुसऱ्याकडे दिले होते. कंपनीने ती मागणी रद्द केली. फरीदाबादच्या त्या गल्लीत मी जे पाहिले, त्याचेच हे मोठे रूप होते. धोका बहुतेक वेळा यादीच्या बाहेर असतो.

प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता नव्हे

साधने कमी असली की, प्रमाणपत्रावर विसंबून राहण्याचा मोह होतो. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला आग लागून २५० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला सामाजिक उत्तरदायित्वाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते.

असे का घडते, याचे उत्तर आपल्याच देशातील एका अभ्यासात सापडते. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरातमधील ४७३ कारखान्यांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषण तपासणारा परीक्षक कारखानाच निवडत असे आणि त्याचे शुल्कही कारखानाच देत असे. परिणामी अहवालांतील आकडे मर्यादेच्या किंचित खाली गोळा झालेले दिसत. प्रयोगात परीक्षकांची नेमणूक चिठ्ठी टाकून केली गेली, शुल्क सामाईक निधीतून दिले गेले आणि त्यांच्या नोंदींची फेरतपासणी झाली. खोटी 'नियमानुसार' नोंद करण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. तात्पर्य, परीक्षण कोण करतो यासोबतच त्याचे पैसे कोण देतो, हेही पाहावे.

याच संशोधकांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. गुजरातमध्येच काही कारखान्यांच्या तपासणी-भेटींची संख्या वाढवण्यात आली, पण प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. याचे कारण असे की, अधिकारी आपल्या माहितीच्या आधारे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्यांकडे आधीच जात होते. सरसकट वाढवलेल्या भेटी मात्र किरकोळ दोष असलेल्यांकडे खर्ची पडल्या. भेटींची संख्या वाढवण्यापेक्षा त्या कोठे होतात, याला महत्त्व आहे.

९६ दिवसांचे अंदाजपत्रक

आता प्रत्यक्ष नियोजनाकडे वळू. समजा, कंपनीकडे दोन परीक्षक आहेत आणि प्रत्येकाला महिन्यातून चार दिवस या कामासाठी मिळतात. वर्षाला ९६ मनुष्यदिवस झाले. १२० पुरवठादारांत ते समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला एक दिवसही येत नाही. अशी भेट चहापाणी आणि सही-शिक्क्यापुरतीच उरते. समान वाटप न्याय्य वाटते, पण येथे ते निष्फळ आहे.

पहिली पायरी यादी पूर्ण करण्याची. प्रत्येक पुरवठादाराकडून लेखी घ्यावे की, आमच्या कामातील कोणता भाग तो बाहेर करून घेतो आणि कोणाकडून. या उत्तराची पडताळणी साध्या गुणाकाराने होते. पुरवठादाराकडे तीन प्रेस आहेत, प्रत्येकाची क्षमता ताशी ४०० नगांची आहे आणि तो आठ तासांची एकच पाळी चालवतो, असे समजू. दिवसाला ९,६०० नग झाले. तो रोज २०,००० नग पाठवत असेल, तर उरलेले १०,४०० कोठे तयार होतात? हा प्रश्न कार्यालयात बसून विचारता येतो, त्यासाठी प्रवासखर्च लागत नाही.

दुसरी पायरी जोखमीच्या क्रमवारीची. खरेदी विभागाला 'अ-ब-क' वर्गवारी परिचित असते. ज्याच्याकडून जास्त रकमेची खरेदी, तो 'अ' वर्गात. ही वर्गवारी साठा-नियंत्रणासाठी उपयुक्त आहे, परीक्षणासाठी मात्र दिशाभूल करणारी ठरू शकते. दोन गोष्टींना एक ते पाच गुण द्यावेत : दोष घडल्यास परिणाम किती गंभीर आणि तो घडण्याची शक्यता किती. खोक्यांचा पुरवठादार मोठ्या रकमेचा असेल, पण त्याचे गुण दोन गुणिले दोन, म्हणजे चार. ब्रेकच्या भागासाठी पत्रा कापून देणाऱ्या छोट्या युनिटचे गुण पाच गुणिले चार, म्हणजे वीस. रकमेच्या यादीत तळाला असलेले नाव जोखमीच्या यादीत वर येते. गंभीरता ठरवताना ग्राहकाला होणारी इजा आणि कामगाराला होणारी इजा, दोन्ही धराव्यात.

तिसरी पायरी वाटपाची. सर्वाधिक जोखमीच्या १४ ठिकाणी दोघांनी मिळून सविस्तर परीक्षण करावे. पूर्वतयारी, भेट आणि अहवाल मिळून प्रत्येकी चार मनुष्यदिवस धरल्यास ५६ दिवस होतात. तीन महिन्यांनी त्याच १४ ठिकाणी एकाने पुन्हा जाऊन सुधारणा झाली का, हे पाहण्यासाठी १४ दिवस. उरलेल्या १०६ पुरवठादारांतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १२ जणांकडे अचानक भेटीसाठी १२ दिवस. बाकीच्यांनी भरून पाठवलेल्या स्वयं-मूल्यांकनाच्या छाननीसाठी ६ दिवस. अपघात, तक्रार किंवा नवा पुरवठादार यांसाठी राखीव ८ दिवस. बेरीज ९६.

या वाटपातील दोन भाग प्रथम कापले जातात, म्हणून त्यांचे समर्थन करतो. चिठ्ठ्या टाकून केलेल्या भेटी व्यवस्थापनाला वाया गेल्यासारख्या वाटतात. परंतु गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये मांडल्याप्रमाणे, नियमभंगाचा निर्णय सापडण्याची शक्यता आणि दंड या दोहोंवर अवलंबून असतो. येथे १०६ पैकी १२, म्हणजे सुमारे नऊपैकी एकाकडे भेट होईल. पण कोणाकडे, हे कोणालाच ठाऊक नाही. बेंजामिन ओल्कन यांनी इंडोनेशियातील ६०० हून अधिक गावांच्या रस्तेबांधणीचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी लेखापरीक्षणाची शक्यता ४ टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर नेल्यावर हिशेबातून गायब होणारा खर्च सुमारे ८ टक्के-बिंदूंनी घटला. चिठ्ठीचा दुसरा उपयोग असा की, आपली जोखमीची क्रमवारी चुकली असेल तर ती येथे उघडी पडते. कमी जोखमीच्या मानलेल्या १२ पैकी चार-पाच ठिकाणी गंभीर दोष आढळले, तर गुणपद्धतीच तपासून पाहावी.

दुसरा भाग फेरभेटीचा. फेरभेट वगळली तर आणखी तीन ठिकाणची परीक्षणे त्या दिवसांत होतील आणि वार्षिक अहवालातील आकडा वाढेल. परंतु दोष नोंदवून तो दुरुस्त झाला की नाही हे न पाहणे म्हणजे रोगनिदान करून औषध न देणे होय.

भेटीत काय पाहावे?

प्रश्नावली लांबलचक असू नये. शंभर प्रश्नांच्या कागदात प्राणघातक दोष आणि फलकावरील धूळ यांना सारखेच स्थान मिळते. प्रेसच्या युनिटमध्ये चार-पाच गोष्टी आधी पाहाव्यात. प्रेस चालवण्यासाठी दोन्ही हातांनी दाबायची बटणे आहेत का? हात आत गेल्यास यंत्र थांबवणारा सेन्सर चालू आहे, की वेग वाढवण्यासाठी बंद करून ठेवला आहे? डाय बदलताना वीज तोडली जाते का? कामगाराची नेमणुकीची तारीख आणि विमा नोंदणीची तारीख यांत अंतर किती? संकटकाळी बाहेर पडण्याचे दार उघडे आहे का?

कामगाराशी मुकादमाच्या गैरहजेरीत बोलावे. राजधानी परिसरातील कामगार बहुधा बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड किंवा बंगालमधून आलेला असतो. 'येथे सुरक्षितता आहे का?' या प्रश्नाला तो 'आहे' असेच उत्तर देईल. 'हा सेन्सर शेवटचा कधी बंद पडला होता?' असे विचारल्यास उत्तर वेगळे येते. रात्रपाळी असेल तर वर्षातील काही भेटी रात्री व्हाव्यात. अचानक भेटीचा अधिकार खरेदी करारातच नमूद असावा, अन्यथा परीक्षकाला दारावरूनच परतावे लागते.

दोष सापडल्यानंतर

जीविताला तत्काळ धोका असेल तर ते यंत्र त्याच दिवशी थांबवावे, यात तडजोड नाही. इतर दोषांसाठी मुदत आणि मार्गदर्शन द्यावे. पुरवठादाराला काढून टाकणे हा अखेरचा उपाय असावा. तो पहिला उपाय झाला की कामगारांचा रोजगार जातो, काम दुसऱ्या गल्लीत सरकते आणि पुढील पुरवठादार दोष लपवण्यास शिकतो.

येथे एक अप्रिय सत्य सांगितले पाहिजे. सुरक्षेचे आवरण आणि सेन्सर यांना पैसे लागतात. जी कंपनी दरवर्षी दर कमी करण्याचा आग्रह धरते आणि देयके महिनोन्‌महिने थकवते, तिच्या परीक्षकाने प्रेसच्या मालकाला सुरक्षेवर व्याख्यान देणे विसंगत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने ही मुदत न पाळणाऱ्या खरेदीदाराची आयकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबणीवर टाकली. परीक्षणाचा अहवाल खरेदी विभागाच्या टेबलावर जावा. चांगले गुण मिळवणाऱ्यास अधिक काम आणि वेळेवर पैसे मिळावेत. तसे न झाल्यास परीक्षण कागदावरच राहते.

साधनांची भागीदारी हाही उपाय आहे. एकाच गल्लीतील युनिट चार-पाच कंपन्यांसाठी काम करते आणि प्रत्येक कंपनी स्वतंत्र प्रश्नावली पाठवते. वाहनांच्या सुट्या भागांच्या उत्पादकांची 'ॲक्मा' ही संघटना अनेक वर्षे समूह-पद्धतीने पुरवठादार-सुधारणेचे कार्यक्रम राबवत आली आहे. केंद्र शासनाच्या 'झेड' प्रमाणपत्र योजनेची सुरुवात २०१६ मध्ये झाली. तिच्या २०२२ च्या सुधारित स्वरूपात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण असे स्तर असून, प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अशी प्रमाणपत्रे जोखमीचे गुण ठरवताना विचारात घ्यावीत. प्रत्यक्ष भेटीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत.

शासनापुढील प्रश्नही हाच

उद्या आपल्यापैकी काही जण प्रशासनात जातील. तेथे कारखाना निरीक्षक थोडे आणि कारखाने असंख्य, अन्न निरीक्षक थोडे आणि दुकाने असंख्य, असेच चित्र दिसेल. २०१४ मध्ये सुरू झालेल्या श्रम सुविधा पोर्टलसोबत केंद्राच्या कामगार तपासण्यांसाठी संगणकाद्वारे यादृच्छिक निवडीची पद्धत आणली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी निरीक्षकाला 'निरीक्षक-नि-सुविधाकर्ता' अशी भूमिका दिली आहे. त्याच वेळी व्यावसायिक सुरक्षा संहितेत 'कारखाना' या संज्ञेची मर्यादा विजेवर चालणाऱ्या युनिटसाठी १० कामगारांवरून २० वर गेली आहे. मागच्या गल्लीतील अनेक युनिटे या मर्यादेच्या खाली असतात. शासनाची नजर जेथे क्वचित पोहोचेल, तेथे खरेदीदाराच्या परीक्षणाची जबाबदारी वाढते.

मी उल्लेख केलेल्या कंपनीने पुढील वर्षी भेटींची संख्या कमी केली. प्रथम यादी पूर्ण करण्यात आली आणि ती १२० वरून बरीच लांबली. मागच्या गल्लीतील ते युनिट आता तिच्यात आले. तेथे दोन हातांच्या बटणांचा प्रेस बसवण्यासाठी कंपनीने आगाऊ रक्कम दिली आणि ती पुढील देयकांतून वळती करून घेतली. खर्च फार मोठा नव्हता. बोटे गमावलेल्या कामगाराला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता. तो तोपर्यंत गावी परतला होता. मर्यादित साधने हे आपल्या देशातील नियोजनाचे कायमचे वास्तव आहे. ती कोठे वापरायची याचा निर्णय उशिरा झाला, तर त्याची किंमत असा कोणीतरी माणूस मोजतो. आपण उद्या कोणतीही तपासणी योजाल, तेव्हा हाती आलेल्या यादीत कोणाचे नाव नाही, हे आधी शोधावे, एवढे सांगून थांबतो.